तरीही द्या

चामोर्शी, १६ जून २००३

कै. गोकुळा गुणवंतराव लोनबले,

तुझे नाव असे सलग आणि पूर्ण मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे. मृत्यूच्या दाखल्यावर ते नागपूरच्या एका अनोळखी कारकुनाने लिहिले. आपण एकमेकांना नावाने कधी हाक मारली नाही. तू 'अहो' म्हणायचीस आणि मी खाकरायचो; तेवढ्यावर आपला संसार झाला. आता खाकरून उपयोग नाही, म्हणून हा मायना.

दैनंदिनी लिहिण्याची सवय मला नाही, हे तू जाणतेस. आज लिहिण्यास कारण घडले. दुपारी हेमराज आला होता. आल्याबरोबर स्वयंपाकघराच्या दाराकडे त्याची नजर गेली. अकरावी-बारावीची दोन वर्षे तो आपल्याकडे जेवला, मी त्याला संख्याशास्त्र शिकवले आणि तू त्याला अंबाडीची भाजी खायला शिकवलीस. आज तो मुलचेरा रस्त्यावरील न्यासाच्या रुग्णालयाचा प्रमुख डॉक्टर आहे, तरी बसला तो पाटावरच.

म्हणाला, "सर, काकूंचा जुना कागद त्या दिवशी माझ्यापुढे असता तर काकू आज असत्या." हे तो पूर्वीही बोलला आहे. आज मात्र पुढे सांगितले: मुंबईची एक देणगीदार संस्था रुग्णालयाला संगणक देणार आहे. प्रत्येक रुग्णाची नोंद त्यात राहील आणि औषधचिठ्ठी डॉक्टर त्यातच लिहील. ज्याला जे औषध सोसत नाही ते लिहिले, की यंत्र घंटा वाजवून सांगेल. नोंदी बिनचूक करणारा माणूस त्याला हवा आहे.

"निवृत्त माणूस घरात बसून काय करतो सर? बिनचूकपणा तुमच्याइतका कोणाजवळ आहे?"

मी विचार करतो म्हणालो. तो गेल्यावर लक्षात आले की विचार करण्यासारखे त्यात काही नव्हते.

२ जुलै

संगणक कक्षाच्या किल्ल्या मिळाल्या. एक दाराची, एक कपाटाची. कक्ष म्हणजे पूर्वीची गाद्या ठेवण्याची खोली. कापसाचा वास अजून गेलेला नाही.

नागपूरहून आज्ञावली तयार करणारा तरुण आला होता. पडद्यावरील सूचना इंग्रजीत होत्या. मी आक्षेप घेतला. इथले कंपाउंडर आणि परिचारिका मराठी वाचतात. धोक्याची सूचना ज्याला कळायची त्याच्या भाषेत हवी. त्याने ते मान्य केले आणि शब्द मलाच मागितले. न सोसणारे औषध लिहिले गेले की पडदा लाल होतो, घंटा वाजते आणि खाली दोन कळा उमटतात. पहिलीसाठी मी 'थांबा' सुचवले. दुसरी कळ कशासाठी, असे विचारले. तो म्हणाला, अखेरचा निर्णय डॉक्टरचाच असावा लागतो. कधी दुसरा इलाज नसतो. तर्क योग्य होता. मी 'तरीही द्यावे' असे लिहून दिले. जागा अपुरी पडली, म्हणून त्याने ते 'तरीही द्या' केले. अर्थ बदललेला नाही, पण आर्जव गेले.

हेमराजने आम्हा दोघांचा यंत्राशेजारी फोटो काढला. मागच्या हिवाळ्यात घेतलेला तो डिजिटल कॅमेरा त्याच्या खिशातच असतो. झाड, जखम, बैलगाडी, जे नवे वाटेल ते टिपतो. जिज्ञासू विद्यार्थी होता, तसाच राहिला.

२४ जुलै

नोंदणीस गर्दी. बायका पतीचे नाव घेत नाहीत, आणि तो रकाना रिकामा ठेवून यंत्र पुढे सरकत नाही. आज तुझी मासळीवाली बुधरी आली होती, तळ्यावरची. पतीचे नाव विचारले तर पदर तोंडाला लावून उभी. दारावरचा मुखरू म्हणाला, "सांग ना वो बाई, मशीन का तुह्या सासऱ्याची हाये? लाजते काऊन?"

"तूच सांग ना. तुह्यासंगच तं दारू पेते तो."

"मंग लिवा मास्तर, सुकलू," मुखरूने सांगितले. सगळी रांग हसली. मलाही हसू आले. खूप दिवसांनी आले, म्हणून नोंदवतो.

बुधरीला पेनिसिलीनचे इंजेक्शन सोसत नाही. एकदा ती मरता मरता वाचली आहे. ते मी स्वतः टंकित केले आणि तिला पडद्यावर दाखवले. तिने विचारले, "मास्तर, बाईच्या हातावर गोंदून होतं तसं मी पण गोंदून घेऊ का? मार्कंड्याच्या जत्रेत गोंदणारी येते."

तुला आठवत असेल. सल्फाच्या गोळ्यांनी तुझी कातडी सोलवटून निघाली, तू कशीबशी वाचलीस, आणि गडचिरोलीच्या डॉक्टरांनी दिलेला इशाऱ्याचा कागद वाळवीने खाल्ला. मग तू त्याच जत्रेत डाव्या हातावर, माझ्या नावाच्या खाली, 'सल्फा नको' असे गोंदवून घेतलेस. मी म्हणालो, औषधाचे नाव गोंदवणारी बाई जिल्ह्यात दुसरी नसेल. तू म्हणालीस, "म्हणून तं डाक्टरचं ध्यान जाईन."

मी बुधरीला समजावले की गोंदण ही नोंद नव्हे. त्यावर तारीख नसते, सही नसते. डॉक्टरचे लक्ष गेले तर गेले. हेमराजने मला सांगितलेच आहे: थंडीचे दिवस, तुझ्या अंगात पूर्ण बाह्यांचा हिरवा स्वेटर, सलाईन परिचारिकेने लावलेले, हात त्याने पाहिलाच नाही. "आता यंत्रात आहे," मी म्हणालो, "हाताला त्रास देण्याची गरज नाही."

"तुमी म्हणता तं नाई गोंदत," ती म्हणाली आणि वाळलेल्या झिंग्यांची पुडी टेबलावर ठेवून गेली. मी ती परत करायला हवी होती. घरी आणली आहे. तुझ्या डब्यात ठेवली.

१५ ऑगस्ट

उद्घाटन झाले. पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायचे होते. हेमराजने आधी येऊन हलक्या आवाजात विचारले, "सर, नमुना म्हणून काकूंची नोंद वापरू? तुमची परवानगी असेल तरच." मी दिली.

त्याने तुझे पूर्ण नाव टंकित केले. वय, गाव, आजार: मूत्रमार्गाचा संसर्ग, ताप. औषध: सल्फायुक्त गोळी. पडदा लाल झाला आणि घंटा अशी वाजली की बाहेरच्या बाकावरची माणसे उठून उभी राहिली. हेमराजने 'थांबा' दाबले. दुसरे औषध लिहिले. छपाईयंत्राने करकरत तुझ्या नावाची चिठ्ठी बाहेर काढली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

ती चिठ्ठी मी खिशात घातली. आज तू वाचलीस. मी संख्याशास्त्राचा माणूस आहे, अशी वाक्ये लिहिणे मला शोभत नाही. पण तुझ्याखेरीज ती वाचणार कोण?

९ सप्टेंबर

दोनदा प्रात्यक्षिक. दोन्ही वेळा वाचलीस.

२३ सप्टेंबर

भारनियमन. वीज गेली की बॅटरीचा डबा टुंटुं करत राहतो. मुखरू म्हणतो, "मास्तर, मशीन रडून राह्यली, तिले बिस्कूट द्या."

१७ ऑक्टोबर

एक शंका नोंदवून ठेवतो.

संगणकाचा दुसरा पडदा आता हेमराजच्या तपासणीच्या खोलीत बसवला आहे. घंटा माझ्या कक्षात ऐकू येते. पूर्वी घंटेनंतर थोडा वेळ शांतता असे. आता घंटा वाजते न वाजते तोच छपाईयंत्र सुरू होते. मध्ये वाचण्याइतकाही अवधी नसतो. आज काही कारणाने आत गेलो तेव्हा हेमराज समोरच्या बाईशी बोलत होता, आणि त्याचे बोट आपोआप दुसऱ्या कळेवर पडले. पडद्याकडे त्याने पाहिलेही नाही.

मी नंतर विचारले. तो हसला. "सर, ती खोकल्याच्या औषधालाही ओरडते. म्हाताऱ्या सासूसारखी आहे. ऐकायचं कधी, आणि सोडायचं कधी, हे डॉक्टरला कळतं ना?"

उत्तर सयुक्तिक आहे. अनुभवी माणसाची नजर यंत्रापेक्षा तीक्ष्ण असते, असे मीच वर्गात सांगत असे. शंका मागे घेतो.

११ डिसेंबर

वर्ष झाले. दुसरे काही करवेना, म्हणून ते दिवस क्रमाने लिहून काढतो.

मी परीक्षेच्या कामासाठी गडचिरोलीस होतो. तुला ताप होता, पण तूच म्हणालीस, "तुमी जा, हेमू हाये ना इथी." परतलो तेव्हा तुझ्या अंगावर लाल चट्टे उठले होते. दुसऱ्या दिवशी ओठ आणि तोंड आतून फुटले. नागपूरला नेईपर्यंत तुला शब्द उच्चारता येईना. तू सारखा डावा हात उचलायचीस. सलाईनची सुई निघेल म्हणून मी तो हलकेच धरून खाली ठेवायचो. तू पुन्हा उचलायचीस. परिचारिका म्हणाली, तापात असे होते. मी तो हात धरूनच बसलो. तुला आधार वाटावा म्हणून.

संध्याकाळी हेमराज आला. तुझ्या फोटोला हार घालून बराच वेळ उभा होता. त्याचे डोळे भरले होते, हे मी पाहिले आहे आणि तसेच लिहितो. जाताना त्याने सांगितले की जानेवारीत नागपूरला मोठे संमेलन आहे, देणगीदार येतील, प्रकल्प पन्नास गावांत न्यायचा आहे. दुपारच्या सत्रात मी बोलावे. "तुम्ही बोललात की लोकांना पटतं सर. तुमचं तर घरचं दुःख आहे."

नागपूर, १८ जानेवारी २००४

लॉजवर आहे.

मला दुपारी बोलावले होते. मी पहिल्या बसने निघालो; कार्यक्रमास आधी पोहोचणे ही माझी सवय. सभागृहात अंधार होता, पडद्यावर चित्रे चालू होती. मी शेवटच्या रांगेत बसलो. व्यासपीठावर हेमराज होता.

तो म्हणाला, "आमच्या भागात आमच्या आधी रुग्णाची माहिती कुठे साठवली जायची, ते दाखवतो." आणि पडद्यावर एक हात आला.

भिंतीएवढा हात. हिरव्या स्वेटरची बाही कोपरापर्यंत दुमडलेली. कोपराच्या जरा खाली माझे नाव. त्याखाली 'सल्फा नको'. त्याखाली मनगटाजवळ पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यातून निघालेली सलाईनची नळी.

हेमराज म्हणाला, "वरचं नाव नवऱ्याचं. खालचं न सोसणाऱ्या औषधाचं. दोन्ही जन्मभराची."

सभागृह हसले. छान हसले, वाईट हेतूने नव्हे. विनोद चांगला बांधला होता. बांधणी मीच त्याला शिकवली. वक्तृत्वाच्या स्पर्धांना मीच त्याला तयार करून पाठवत असे.

तो स्वेटर तू त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर विणून पुरा केला होतास. त्या तापातच प्रथम घातलास. त्या कातडीवर एकही चट्टा नव्हता. हात स्वच्छ होता.

मी संख्याशास्त्राचा माणूस आहे. हे गणित मोठे नव्हते. सुई लागली होती आणि चट्टे उठले नव्हते, म्हणजे गोळी अजून दिलेली नव्हती, निदान तिने आपले काम केले नव्हते. बाही दुमडलेली होती. कॅमेरा त्याचा होता.

दुपारच्या सत्रात मी बोललो नाही. माझे नाव पुकारले गेले, तेव्हा मी सीताबर्डीच्या रस्त्यावर उभा होतो. कुठे जायचे ते आठवत नव्हते.

चामोर्शी, २१ जानेवारी

आज हेमराजला भेटलो आणि त्या दिवशी मी सकाळीच सभागृहात येऊन बसलो होतो, हे सांगितले. मुखरूने चहा आणून ठेवला. दोघांनीही घेतला नाही.

"सर, चेहरा नव्हता त्या फोटोत. कोणाला कळलं नसतं."

"माझे नाव होते," मी म्हणालो. "तू हात पाहिला नाहीस असे मला सांगितले होतेस. स्वेटर होता म्हणालास."

तो टेबलावरचा कॅमेरा उगाच उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, "पाहिला."

"तिने दाखवला?"

"हो. म्हणाल्या, हेमू, हे वाच बापू आधी. मी वाचलं. सर, गावात लोक कुठल्याही पांढऱ्या गोळीला सल्फाच म्हणतात. कोणाला कॅप्सूल गरम पडते, कोणाला सलाईन थंड पडते. सगळ्यांचं ऐकलं तर मी देऊ काय? मी म्हटलं, काकू, हे जुन्या काळचं आहे, आताच्या गोळ्या वेगळ्या असतात."

"आणि फोटो?"

"असं गोंदण कुठं पाहिलं नव्हतं. गंमत वाटली." मग घाईने, "तेव्हा गंमत वाटली, सर. पुढे काय होणार ते मला काय माहीत?"

"मग वर्षभर कागद नव्हता असे का सांगत राहिलास?"

"तुम्हीच म्हणालात आधी." त्याने प्रथमच माझ्याकडे पाहिले. "नागपूरला, काकूंना बाहेर आणलं तेव्हा. तुम्ही विचारलं, तुझ्यापुढे कागद नव्हता का रे? मी म्हटलं, नव्हता. ते खोटं नव्हतं सर. कागद नव्हताच."

खरे आहे. प्रश्न मीच तसा विचारला होता. मला कागदाखेरीज दुसरे सुचलेच नाही.

मी उठलो तेव्हा तो दारापर्यंत आला. "प्रकल्प सोडू नका सर. झालं ते झालं. पण यंत्र चांगलं आहे. पुढच्या काकू वाचतील."

वाचतील का, हे मी दिवसभर तपासून पाहत आहे. यंत्राने काय केले असते? पडदा लाल केला असता. घंटा वाजवली असती. 'सल्फा नको' असे दाखवले असते. तेवढे तर तू केलेच होतेस. लाल पडद्याऐवजी सावळ्या हातावर, आणि बापू म्हणून. मग दोन कळा उमटल्या असत्या.

त्याने दुसरी दाबली होती. यंत्र येण्याच्या आधीच दाबली होती. तिच्यावरचे शब्द तेवढे मी मागाहून लिहून दिले.

२५ जानेवारी

तळ्यावर गेलो. बुधरी बांधाच्या पाळीवर मासळी वाळत घालत होती. मी तिला सांगितले की जुलैमध्ये दिलेला सल्ला मी परत घेतो. यंत्रात तिची नोंद आहे, पण डॉक्टरला ती ओलांडता येते, आणि डॉक्टर ओलांडतो.

"मंग आता गोंदून घेऊ?"

"घ्या."

तिने मासळीवरचा कावळा हाकलला. "बाईनं तं घेतलं होतं मास्तर. मंग काऊन मेली?"

मी पाळीवर बसलो. तुझ्याविषयीची खरी गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. ती पहिल्यांदा तिला सांगितली. कमी शब्दांत सांगितली. शेवटी ती म्हणाली, "हेमराज डाक्टर? तुमच्या घरी जेवत होता तो?"

"तोच."

"अरे माय," ती म्हणाली. मग मासळी पालटत, "मी दवाखान्यात जाईन तवा तुमी संग चालान का? मी हात दाखवीन, तुमी बोला. एकानं दाखवलं तं हासतात. दोघं असले तं हासनार नाई."

मी येतो म्हणालो. नुसते सौजन्य म्हणून म्हणालो नाही. तिने झिंग्यांची पुडी बांधली. या वेळी मी पैसे पुढे केले. तिने ते तळ्यात फेकण्याचा आविर्भाव केला, म्हणून परत घेतले.

२ फेब्रुवारी

राजीनामा लिहिला. कारण 'वैयक्तिक' असे लिहिले आणि खोडले. 'माझ्या पत्नीने डॉ. हेमराज यांना लेखी इशारा दिला होता' असे लिहिले. न्यासाला एक प्रत, देणगीदार संस्थेला एक, माझ्याजवळ एक. त्याचे पुढे काय होईल ते सांगता येत नाही. हेमराजचे काही होणार नाही, असे वाटते. तो चांगला डॉक्टर आहे, असे सगळे म्हणतात; गेल्या महिन्यापर्यंत मीही म्हणत असे.

३ फेब्रुवारी

सकाळी संगणक कक्षात गेलो. येत्या आठवड्यात पाहुणे आहेत, प्रात्यक्षिक होणार. नमुन्याची नोंद तयार ठेवलेली होती. पडद्यावर तुझे पूर्ण नाव. त्या नावाने किती वेळा गोळी लिहिली गेली आणि किती वेळा तुला वाचवले गेले, हे यंत्राला विचारले असते तर त्याने अचूक सांगितले असते. मी विचारले नाही.

इतरांच्या नोंदी माझ्या नव्हेत; त्या लोकांनी विश्वासाने दिल्या आहेत आणि त्या तशाच राहतील. बुधरीची नोंद उघडून एकदा तपासली. पेनिसिलीन, लाल अक्षरांत. बरोबर आहे.

मग तुझी नोंद उघडली आणि पुसण्याची आज्ञा दिली. पडदा लाल झाला, घंटा वाजली. बाहेरून मुखरू म्हणाला, "का झालं मास्तर? कोनाले का नाई चालत?" खाली दोन कळा उमटल्या. 'थांबा'. 'तरीही पुसा'. हेही शब्द मी लिहून दिले होते, हे विसरलो होतो.

मी घंटा पूर्ण वाजू दिली. दोन्ही कळा वाचल्या. मग दुसरी दाबली.

आता तुला तिथे कोणी गोळी देणार नाही.

खिशातली ऑगस्टमधली चिठ्ठी तिथेच फाडली. यंत्र बंद केले, बॅटरीचा डबाही. कपाटाला कुलूप लावले. दाराला कुलूप लावले आणि ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या मुखरूच्या हाती परत दिल्या.